मोठ्या गाडीवर जास्त कर हवा का? आणि तो मोजायचा कशावर?

पलासियाकर

२२ सप्टेंबर हा जगभर कारविना दिवस म्हणून पाळतात. आपल्या इंदुरात २०२३ पासून 'नो कार डे' म्हणून तो सुरू झाला. त्या सकाळी मी पलासिया ते राजवाडा सायकलनं गेलो होतो. रस्ता इतका मोकळा होता की चिमण्यांचा आवाज येत होता. पुढे २०२५ साली नेमक्या याच तारखेला जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि गाड्या स्वस्त झाल्या.

छोटी गाडी स्वस्त झाली याचा मला आनंदच आहे. स्कूटरवर चौघं बसून जाणाऱ्या घराला चार चाकं मिळत असतील तर कोण नाही म्हणेल? पण मोठ्या एसयूव्हीवर आधी २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के सेस, असे ५० टक्के लागायचे. आता सेस गेला आणि सरसकट ४० झाले. म्हणजे सगळ्यात जास्त इंधन पिणाऱ्या गाडीलाही दहा टक्के सूट मिळाली. हे मला पटत नाही.

आमचं जुनं घर रामबागेत आहे. लहानपणी त्या गल्लीतून दोन सायकली शेजारी-शेजारी जायच्या आणि मध्ये गायही उभी असायची. आता एक एसयूव्ही उभी राहिली की आईला जोशीकाकूंच्या ओट्यावर चढून पलीकडे जावं लागतं. आई ७८ वर्षांची आहे.

माझं मत स्पष्ट आहे. मोठी गाडी जास्त कार्बन सोडते, म्हणून तिच्यावर जास्त कर लागावा, आणि चांगला टोचेल इतका लागावा. तुम्हाला काय वाटतं?

काळी_माती

साफ विरोध. शहरात बसून बोलणं सोपं आहे भिया. मी सांवेरजवळ राहतो, शेती आहे. आमच्याकडे स्कॉर्पिओ आहे आणि तिच्यावर जुन्या दरानं ५० टक्के भरलेत. जुलैत पाऊस लागला की शेताकडचा दीड किलोमीटर रस्ता म्हणजे नुसता चिकट गाळ. छोटी गाडी पोटापर्यंत रुतते. दोन वर्षांपूर्वी रात्री अकराला वहिनीला कळा सुरू झाल्या, तेव्हा त्याच गाडीनं इंदूरला आणलं. ॲम्ब्युलन्सवाला फोनवर म्हणाला, पक्क्या रस्त्यापर्यंत आणा.

आणि बस म्हणाल, तर आपल्या मध्य प्रदेशचं राज्य परिवहन महामंडळ गुंडाळायचा निर्णय २००५ मध्येच झाला. तेव्हापासून खाजगी बसवाल्याची मर्जी. आमच्या गावातून सहानंतर काही मिळत नाही. ज्याला दुसरा रस्ताच ठेवला नाही, त्याच्याकडून दंड कसला घेता?

डिकीत_बॅग

+१ काळी_माती

स्नेहलतागंजचा_सीए

पलासियाकर, भावना पोचली, पण दोन गोष्टींची गल्लत होते आहे. आपल्याकडचा कर कार्बनवर कधी नव्हताच. तो फुटपट्टीवर आहे. पेट्रोल असेल तर इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० पर्यंत, आणि दोन्हीत लांबी चार मीटरच्या आत. यात बसलात तर १८ टक्के, नाही बसलात तर ४०. गाडी किलोमीटरला किती ग्रॅम कार्बन सोडते हा प्रश्न फॉर्मवर कुठेच नाही.

ही चार मीटरची मेख २००६ च्या अर्थसंकल्पातली आहे. तेव्हा छोट्या गाड्यांचं उत्पादन शुल्क कमी केलं आणि 'छोटी' म्हणजे काय हे लांबीवर ठरवलं. त्यानंतर कंपन्यांनी काय केलं ते आठवा. पहिली डिझायर २००८ ची, लांबी ४१६० मिलिमीटर. २०१२ मध्ये नवी आली ती ३९९५. मागची डिकी चाकूनं कापल्यासारखी दिसायची ती हौस म्हणून नाही, करासाठी. यावरून एक गोष्ट पक्की होते: कर लावला की कारखाने गाडीचा आकारसुद्धा बदलतात. म्हणून तर कर कशावर मोजतो याला महत्त्व आहे. लांबी मोजलीत, त्यांनी लांबी कापली. ग्रॅम मोजाल तर ग्रॅम कापतील.

सातजणांचं_घर

सीए साहेब, अगदी माझ्या मनातलं. आमची अर्टिगा सीएनजी. आई, बाबा, आजी, आम्ही दोघं, दोन मुलं. सगळे एकाच गाडीत देवासला टेकडीवर दर्शनाला जातो. लांबी ४३९५, इंजिन १४६२ सीसी, म्हणजे दोन्हीकडे नापास आणि ४० टक्के. (मी घेतली तेव्हा ४५ होते.)

माझ्या मेव्हण्याकडे थार आहे, तीन दारांची, दीड लिटर डिझेल. ती चार मीटरच्या आत आणि १५०० च्या आत. तिच्यावर आता १८. तो एकटा विजयनगरला ऑफिसला जातो तिच्यातून. मेव्हणा माणूस सोन्यासारखा आहे, गाडीही देखणी आहे, पण मला हा हिशेब कोणी समजावून सांगावा.

पिथमपूर_पाळी

सातजणांचं_घर, हिशेब मी सांगतो. माझं रोजचं काम गाड्यांच्या चाचण्यांचंच आहे.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. डिझेलचा २.७ च्या जवळ. सीएनजीचा किलोमागे तोही २.७ च्या आसपास. यात कुठलंही तंत्रज्ञान फरक पाडत नाही, इंधनात जेवढा कार्बन तेवढा बाहेर येणारच. म्हणून गाडीचा ॲव्हरेज माहीत असला की ग्रॅम घरीच काढता येतात. पेट्रोलसाठी २३०० ला ॲव्हरेजनं भागा, डिझेल-सीएनजीसाठी २७०० ला.

तुमची अर्टिगा किलोला २३ देत असेल तर किलोमीटरला ११७ ग्रॅम. मेव्हण्यांची थार शहरात १३ देत असेल तर २०८. माणशी काढायचं तर तुमच्या आकड्याला सातनं भागा, त्यांच्या आकड्याला एकनं.

आता दुसरी गल्लत. लोक म्हणतात, "माझी गाडी बीएस-६ आहे, मग प्रदूषण कुठलं?" एप्रिल २०२० पासूनचा बीएस-६ हा विषारी धुराचा नियम आहे: काजळी, नायट्रोजनचे ऑक्साइड वगैरे. तो फार मोठा फायदा झाला, यात वाद नाही. पण कार्बन डायऑक्साइड त्यात येत नाही. पीयूसीच्या टपरीवर नळी घालतात तिथेही हे कळत नाही.

कार्बनसाठी वेगळा नियम आहे, कॅफे नावाचा. २०१७-१८ पासून कंपनीच्या सगळ्या विकलेल्या गाड्यांची सरासरी १३० ग्रॅम, २०२२-२३ पासून ११३. तो कंपनीवर आहे, गिऱ्हाइकावर नाही. शिवाय कंपनीच्या गाड्यांचं सरासरी वजन जास्त असेल तर तिला मर्यादाही ढिली मिळते. म्हणजे जड गाड्या विकणाऱ्याला थोडी जागा तिथेच करून दिलेली आहे. हे मला सगळ्यात खटकतं.

जेलरोडवाली_शमा

पिथमपूर_पाळी दादा, गाड्यांच्या चाचण्यांचा तो अकरा किलोमीटरचा गोल ट्रॅक पिथमपूरला खरंच आहे ना? नॅट्रॅक्स? एकदा बघायचा आहे.

पिथमपूर_पाळी

आहे ताई, ११.३ किमीचा. २०२१ मध्ये सुरू झाला. कडेचा उतार इतका आहे की वेगात असताना स्टिअरिंग जवळजवळ सोडलं तरी गाडी वळते. आत जायला परवानगी लागते.

विजेरी_गाडी_महेश्वर_रोड

यावर सरळ उपाय आहे, इलेक्ट्रिक घ्या. जीएसटी पाच टक्के. मी दोन वर्षं वापरतोय. धूर शून्य, आवाज शून्य, किलोमीटरला रुपयाच्या आतबाहेर खर्च. मोठ्या पेट्रोल-डिझेलवर कर वाढवा आणि ते पैसे चार्जिंगला द्या, विषय संपला.

स्नेहलतागंजचा_सीए

विषय इतक्यात संपत नाही. आपली वीज येते कुठून? खंडव्याचं सिंगाजी औष्णिक केंद्र २५२० मेगावॉटचं आहे, कोळशावर. देशाच्या ग्रिडवर आजही एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन पडतो. तुमची गाडी युनिटला किती चालते?

विजेरी_गाडी_महेश्वर_रोड

छोटी आहे, सात किलोमीटर सहज.

स्नेहलतागंजचा_सीए

म्हणजे १०० ग्रॅम. उत्तम. पण दोन-सव्वादोन टनांची मोठी इलेक्ट्रिक एसयूव्ही युनिटला पाच चालली तर १४० ग्रॅम झाले. २० चा ॲव्हरेज देणारी छोटी पेट्रोल गाडी ११५. पहिलीवर पाच टक्के, दुसरीवर १८. इलेक्ट्रिकच्या विरोधात मी नाही. राजवाड्यावर धूर होत नाही हे फार मोठं आहे, आणि सौर-पवन वाढेल तसा तिचा आकडा दर वर्षी खाली येईल. पेट्रोल गाडीचा खाली येणार नाही, उलट इंजिन थकेल तसा चढेल. माझं म्हणणं एवढंच की वजन हा प्रश्न विजेवरही सुटत नाही. जड ते जडच.

विजेरी_गाडी_महेश्वर_रोड

मान्य. हा हिशेब मी केला नव्हता. माझ्या छतावर तीन किलोवॉटचे पॅनल आहेत आणि मी दुपारी चार्ज करतो, म्हणून माझ्यापुरता आकडा वेगळा. पण सगळ्यांकडे छत नसतं, फ्लॅटवाल्यांचं काय, हेही खरं.

ग्रेनोबलहून

माहेर लोकमान्य नगर, आता आठ वर्षं फ्रान्समध्ये. इथे हा कर प्रत्यक्ष आहे. नाव 'मालुस', २००८ पासून. नवी गाडी घेताना तिच्या ग्रॅमवर एकरकमी भरायचा. मार्च २०२५ च्या दरांत ११३ ग्रॅमला सुरुवात व्हायची, तिथे ५० युरो, आणि पुढे ग्रॅमागणिक चढत जायचा. १९३ पासून ७०,००० युरो! त्याशिवाय जड गाडीला २०२२ पासून वजनाचा वेगळा कर.

सातजणांचं_घर यांच्यासाठी मुद्दाम सांगते: इथे तीन किंवा जास्त मुलं असलेल्या घराला मुलामागे २० ग्रॅम वजा करून मिळतात. म्हणजे मोठ्या कुटुंबाची मोठी गाडी आणि एकट्याची मोठी गाडी यांत कायदा फरक करतो.

पलासियाकर, तुमच्या आईच्या ओट्याचा मुद्दा मला कार्बनपेक्षा जागेचा वाटतो. त्यावर पॅरिसनं फेब्रुवारी २०२४ मध्ये मतदान घेतलं. आलेल्या मतांपैकी निम्म्याहून जास्त मतं जड गाड्यांचं पार्किंग शुल्क तिप्पट करावं या बाजूनं पडली, आणि ऑक्टोबरपासून मध्य पॅरिसात बाहेरून येणाऱ्या जड गाडीला तासाला १८ युरो लागतात. पण मतदानाला सहा टक्केसुद्धा लोक आले नव्हते, हेही सांगायला हवं.

आणि काळी_माती दादांचा मुद्दा इथे रस्त्यावर पेटला होता. २०१८ च्या नोव्हेंबरात डिझेलवरचा कर वाढणार म्हणून पिवळी जाकिटं घातलेली माणसं प्रत्येक चौकात बसली होती. बहुतेक गावाकडची, कामाला रोज चाळीस-पन्नास किलोमीटर जाणारी, बस नसलेली. डिसेंबरात सरकारला ती वाढ मागे घ्यावी लागली. आमच्या शेजारची नर्स त्या गर्दीत होती. ती मला म्हणाली, "मला हवा स्वच्छच हवी आहे, पण रात्रपाळीला मी जाऊ कशी?" ते वाक्य अजून आठवतं.

काळी_माती

ताई, तुमच्या शेजारणीला माझा नमस्कार सांगा. हेच मला म्हणायचं होतं, मला एवढं नीट मांडता आलं नाही.

सराफ्यात_रात्री

सगळे दिल्लीच्या जीएसटीवर बोलताय, घराजवळचं कोणी बोलत नाही. उज्जैनचा विक्रम व्यापार मेळा! २०२४ पासून तिथे गाडी घेतली की आजीवन वाहन करात ५० टक्के सूट. ग्वाल्हेरच्या मेळ्यात तर आधीपासून. अट एवढीच की पासिंग तिथलं हवं. म्हणून तर आपल्या रस्त्यांवर एमपी १३ च्या एवढ्या चकचकीत गाड्या दिसतात. माणूस इंदूरचा, गाडी इंदुरात, नंबर उज्जैनचा.

आता बघा, वाहन कर गाडीच्या किमतीवर टक्क्यानं लागतो. ज्याचा कर ६० हजार बसतो त्याचे ३० हजार वाचतात. ज्याचा चार लाख बसतो त्याचे दोन लाख वाचतात. गाडी जितकी महाग तितकी सूट मोठी. एका शोरूममध्ये मी छोटी गाडी बघायला गेलो, तर तो पोरगा सरळ म्हणाला, "सर, मेळ्यात घेताय तर वरचीच घ्या, फायदा तिच्यात आहे." मी भुललो होतो, खोटं कशाला सांगू. बायकोनं हात धरून बाहेर काढलं.

नवा कर नंतर लावा. आधी ही सूट तरी ग्रॅम बघून द्या. १२० च्या आत असेल तर मेळ्याची सूट, वर असेल तर नाही. यासाठी दिल्लीला जायची गरज नाही, भोपाळात होण्यासारखं आहे.

जेलरोडवाली_शमा

या धाग्यातली सगळ्यात कामाची सूचना! कोणावर नवा बोजा नाही आणि तरी दिशा बदलते.

काळी_माती

याला माझा विरोध नाही. सूट न मिळाल्यानं मी रस्त्यावर येणार नाही.

खान_नदीकाठ

माझा प्रश्न पैशाचा आहे. कर द्यायला मी तयार आहे, पण तो जातो कुठे?

२०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला होता. वाढत वाढत २०१६ मध्ये ४०० झाला. हेतू चांगला, स्वच्छ ऊर्जेसाठी निधी. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो पैसा राज्यांच्या भरपाईत वळला. नाव स्वच्छतेचं, खर्च भलतीकडे. अशानं माणसाचा विश्वास उडतो.

उद्या मोठ्या गाडीवर कार्बन कर लावलात तर तो त्याच शहराच्या बसमध्ये दिसला पाहिजे. आपल्याकडे बस चालवायला कचऱ्यापासून गॅस आहे हो! देवगुराडियाचा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला, रोज ५५० टन ओला कचरा घ्यायची त्याची क्षमता. तुमच्याआमच्या घरातली बटाट्याची सालं त्या गॅसमध्ये जातात आणि त्यावर शहर बस चालते. याचा मला अभिमान आहे. पण बस वेळेवर येत नसेल तर त्या सालांचा उपयोग काय? मी भंवरकुआँला रोज संध्याकाळी उभी असते. परवा ३५ मिनिटं उभी होते. तेवढ्यात माझ्यासमोरून गेलेल्या मोठ्या गाड्या मोजल्या, एका एका गाडीत एकच माणूस. माझ्या पायांना गोळे आले आणि त्यांच्या काचा बंद होत्या.

डिकीत_बॅग

आणि बीआरटीएस, म्हणजे बससाठीचा वेगळा रस्ता होता, तो काढायला निघाले. ११ किमी सरळ बस जायची.

सराफ्यात_रात्री

तो काढला ते बरंच झालं. दोन्ही बाजूंची गर्दी बघितली होती का?

डिकीत_बॅग

गर्दी गाड्यांची होती, बसची नव्हती. २०१३ पासून माझी मुलगी त्याच बसनं कॉलेजला गेली आणि नंतर नोकरीलाही. एकदाही उशीर नाही.

सराफ्यात_रात्री

हायकोर्टानं फेब्रुवारी २०२५ मध्ये आदेश दिला तो काही उगाच नाही.

संपादक

बीआरटीएससाठी वेगळा धागा आहे, तिथे १४० प्रतिसाद झालेत. कृपया इथे गाड्यांच्या करावर बोला.

पलासियाकर

तीन दिवस सगळं वाचतो आहे. मी जे लिहून सुरुवात केली होती त्यातलं काही आता मीच बदलतो.

'मोठी गाडी' म्हणून सरसकट कर वाढवा हे म्हणणं मी मागे घेतो. अर्टिगा आणि थारचं उदाहरण वाचल्यावर ते धरून ठेवता येत नाही. सध्याच्या दरांत सात माणसांचं घर ४० भरतं आणि एकटा माणूस १८, म्हणजे फुटपट्टीच चुकली आहे. कर हवाच, पण ग्रॅमवर. घरातली माणसं मोजून त्यात वजावट. गावाकडच्या नोंदणीला, जिथे बस नाही तिथे, बस येईपर्यंत सवलत. विजेच्या गाडीलाही वजन बघून. आणि राज्यापुरतं बोलायचं तर मेळ्याच्या सवलतीला ग्रॅमची अट, हे मी आमच्या आमदारांना पत्रानं लिहिणार आहे. मसुदा इथे टाकतो, कोणाला सही करायची असेल तर सांगा.

आईच्या ओट्याचं मात्र ग्रेनोबलच्या ताई म्हणाल्या तसंच आहे, ते पार्किंगचं आहे. काल त्या गाडीवाल्या मुलाशी मी स्वतः बोललो. त्याला ठाऊकच नव्हतं की आई कठडा धरून चढते. आजपासून तो गाडी चौकातल्या मैदानाशी लावतो आहे.

खान_नदीकाठ

माझी सही. पत्रात बसचं एक वाक्य घालाच.

काळी_माती

गावच्या सवलतीचं खरंच लिहिणार असाल तर माझीही.

नारायणबागेतले_आजोबा

हा धागा नातवानं दाखवला. मी टाकी फुल करतो तेव्हा किलोमीटर आणि लिटर वहीत लिहितो, पहिल्या मारुती ८०० पासूनची सवय. लाल कापडी पुठ्ठ्याची वही आहे, तिची तिसरी चालू आहे. पिथमपूरच्या चिरंजीवांनी भागाकार शिकवला म्हणून काल दुपारी चष्मा लावून बसलो.

मारुती ८०० चा माझा सरासरी ॲव्हरेज १७. म्हणजे १३५ ग्रॅम. नंतरची वॅगन आर, तिचा १८, म्हणजे १२८. आणि २०२२ मध्ये मुलानं हौसेनं घेतलेली आताची एसयूव्ही, पेट्रोल, इंदूर शहरात ११. म्हणजे २०९. तीस-बत्तीस वर्षांत यंत्र एवढं सुधारलं आणि माझ्या घरचा आकडा दीडपट झाला. आधी त्या ८०० मध्ये आम्ही पाच जण आणि वर होल्डॉल घेऊन ओंकारेश्वरला जायचो. आता गाडीत बहुतेक वेळा मी आणि ही, दोघंच, आणि जातो कुठे तर डॉक्टरकडे.

मुलाला वही दाखवली. त्यानं बराच वेळ पानं उलटली. १९९४ च्या एका पानावर त्याच्या लहानपणीच्या अक्षरात 'आज मी पेट्रोल भरलं' असं लिहिलेलं सापडलं. मग म्हणाला, बाबा, ही तीन वर्षांची झालीच आहे, पुढच्या वेळी काय घ्यायचं ते तुमच्या वहीतून ठरवू.

पत्रावर माझी सही घ्या. वहीच्या पानांचे फोटो हवे असतील तर नातू पाठवेल.

पिथमपूर_पाळी

आजोबा, फोटो नक्की पाठवा. शक्य असेल तर ८०० चं पहिलं पान आणि एसयूव्हीचं शेवटचं पान, दोन्ही.